कर्मणी प्रयोग

हॅलिफॅक्सच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी साडेसहा ते आठ.
हीटर खोकतो. आम्ही नऊ जण,
त्यात एक पोलिश सुतार, एरिट्रियाच्या दोघी बहिणी,
आणि मी, बिस्किटांच्या कारखान्यातून थेट,
कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ तसाच.

मॉरीन अ‍ॅक्रॉइड बाईंकडे हिरवं पेन असतं.
लाल शाईला माणूस भितं, असं त्यांचं म्हणणं.
'मागचं वर्ष' या विषयावर माझी सात वाक्यं,
त्यांवर त्यांचे सात गोल,
प्रत्येक गोलात एकच अक्षर : आय.
"कुंपणाचे खांब झालेत," म्हणाल्या,
"मधून एखादी गाय तरी जाऊ दे."

हसले. बसमध्ये मात्र हसू टिकलं नाही.

आमच्याकडे मी इतकी दारात उभी राहत नाही, बाई.
हे सांगायला माझ्याकडे तुमचे शब्द नव्हते.
जाते म्हटलं की झालं.
आले, बसले, चहा घेते, पुरे.
त्या शेवटच्या मात्रेत असते मी,
पदराच्या टोकाला बांधलेल्या सुट्ट्या पैशांसारखी.
तुमचा आय म्हणजे रस्त्यावरचा दिव्याचा खांब,
भर दुपारीही ताठ.

गृहपाठ : तोच मजकूर, सुरुवाती बदलून.
कुठे वेळ आधी आणा, कुठे जागा, कुठे कारण.
ओट्यापाशी उभ्यानंच लिहायला घेतलं, कुकरवर नजर ठेवून.

कामावर मी उशिरा पोचले होते, त्याचं झालं :
बर्फामुळे त्या दिवशी बसच वर चढेना.
मुलावर मी ओरडले होते, त्याचं झालं :
काच फुटली तेव्हा घरात आवाज चढला.
कुणाचा आवाज? वाक्याला माहीत नाही.
एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.
शब्द जरा इकडेतिकडे सरकवले
की अंगावरचं उतरून बर्फावर जातं, काचेवर जातं.

सातवं राहिलं.
मी फोन उचलला नाही.

श्रीरंगदादाचा. वाशीमहून. मार्चात.

पहाटे तीनला फोन वाजला तेव्हा...
दिवसभर उभं राहून पाय सुजले असल्यामुळे...
पुन्हा पैसेच मागेल, असं वाटून...
ही सुरुवात खरी होती. खोडली.
वाजायचा थांबल्यावर, बरं वाटून, कूस बदलून...
हीसुद्धा.

मग मराठीत लिहून पाहिलं.
फोन उचलला नाही.
आणि सातवीतल्या खडपे बाई आठवल्या, टेबलावर पट्टी आपटत :
क्रियापद कुणाच्या मागे गेलं, सांग!
फोन उचलला. काठी उचलली. ओझं उचललं.
कर्माच्या मागे, बाई. कर्मणी.
म्हणजे त्या 'ला'मध्ये नुसता फोन आहे.
माझा काना नाही, मात्रा नाही.
सत्तेचाळीस वर्षं ज्या भाषेत राहिले
तिच्यात मला लपायला
एवढी मोठी खोली होती,
आणि मी तिथेच निजले होते की काय.

वहिनीचा मेसेज सकाळी पाहिला.

मंगळवारी वही दिली.
सहा वाक्यं नव्या तोंडांची,
सातवं जुनंच.
बाईंचं पेन त्या आयवर गेलं,
सवयीनं अर्धा गोल काढूनही झाला.
मग चष्म्यावरून बघत : "हे चुकून राहिलं का?"
नाही.
पेनाचं टोपण लावलं त्यांनी. बराच वेळ लागला टोपणाला.

जिन्यात सुतार भेटला. त्याला अकरा मिळाले होते.
तुला किती, म्हणाला.
मी म्हणाले, अर्धा.