ओळ संपेपर्यंत

कोपरखैरण्याच्या धारण तलावावर, खाडीकडच्या दरवाज्याला,
एक सेन्सर लटकवलाय आम्ही.
दर पाच सेकंदांनी पाण्याची पातळी सांगतो, मीटरमध्ये,
आणि इकडे महाप्यात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं सॉकेट कान लावून बसतं.

मला वाटायचं, तो आकडा पाठवतो.
आकडा कुठला! तो अक्षरं पाठवतो.
दोन. टिंब. नऊ. शून्य.
मग ओळ संपल्याची न दिसणारी खूण.
वाटेत ते कुठेही तुटतं.
वायरीला दशांश कळत नाही.

एकदा आधी "२." आलं, आणि "९०" मागून.
माझ्या प्रोग्रामने दोन वाचलं, समाधानाने नोंदवलं,
मग नव्वद वाचलं.
नव्वद मीटर!
पाम बीच रोडवरचे टॉवर पार गच्चीपर्यंत बुडाले माझ्या पडद्यावर.
हसलो सगळे. नव्वद खोडता येतं.
दोनचं काय करायचं?
दोन खरं दिसतं.

पंपावर हिराजी मढवी असतात, एकोणीस वर्षं.
सेन्सर नव्हता तेव्हा
दरवाज्याशेजारच्या रंगवलेल्या पट्टीवर बॅटरी मारून
तेच फोन करायचे.
बोलताना अडखळतात. आकड्यावर तर फारच.
"ताय, पानी... दो... दोन पॉइंट..."
आणि मी, घाईची: "चार?"
पलीकडे जरा शांतता. मग, "हां."
मी चार लिहायचे.

किती चार लिहिले असतील मी.
भाद्रपदातल्या अमावस्येच्या उधाणाला
जुन्या वहीत दोन पॉइंट चार आहे, माझ्याच अक्षरात,
आणि त्या रात्री तलावामागच्या चाळीत गुडघाभर पाणी होतं.
मेमो मढवींना मिळाला.
त्यांनी सही केली. सहीत ते अडखळत नाहीत.
मी काही बोलले नाही.

आता कोड बदललाय.
येईल ते अक्षर बाजूला जमवत जाते,
ओळ संपल्याशिवाय त्याला आकडा म्हणत नाही.
अर्धं आलं तर अर्धंच ठेवते.
रिकामं आलं तर शून्य धरत नाही:
शून्य म्हणजे पाणी नाही,
रिकामं म्हणजे मला माहीत नाही.
तीस सेकंद वाट बघते.
तीसच का? कुठेतरी थांबायला हवं म्हणून.

काल पहाटे सेन्सर "१." म्हणाला आणि कनेक्शन गेलं.
मी पंपावर फोन लावला.
"ताय," म्हणाले, "ए... एक..."
मी ओठ मिटून घेतले.
त्यांच्या मागे पंप घुमत होता. एक टिटवी ओरडत गेली खाडीकडे.
तिसावं सेकंद गेलं, एकतिसावं,
"पॉइंट," ते म्हणाले,

आणि मी पेन कागदाला टेकवलं नाही.