घसारा

उत्तरेश्वर पेठेत, तालमीच्या अंगाला टेकून
आमची दहा बाय आठची खोली.
आत वॉकर चार, चाकाच्या खुर्च्या दोन,
एक पाण्याची गादी, ठिगळ लावलेली,
आणि खिळ्याला वही, दोऱ्याला पेन्सिल.
नेताना नाव लिहायचं,
परत आणताना ज्याचं त्यानं खोडायचं.
अनामत नाही.
काही नावं खोडायची राहतात;
वस्तू त्यांचा मुलगा आणून ठेवतो,
न बोलता.

वर्षाचा खर्च अकरा हजार दोनशे.
रबरी बूट, चाकांना तेल, विजेचं बिल.
हिशेब तपासून घ्यायला वर सात हजार.
तपासनीस भला माणूस. म्हणाला,
खजिनदार, घसारा धरला नाही तुम्ही.
मी वॉकर उलटा करून दाखवला:
हा काय घसारा. डावा पाय जास्त झिजलाय,
सासनेमामी डावीकडं कलायच्या.
तो म्हणाला, असा नव्हे. टक्क्यांत.

सात विश्वस्त आमचे. दोन वारले.
कागदावर दोघंही ठणठणीत.
बदल अर्ज केला त्याला सहा वर्षं झाली,
तेवढ्यात तिसरे गेले,
मग अर्जात बदल करायचा अर्ज.
बँक म्हणते, सही जुन्यांचीच लागेल.
म्हटलं, थांबा, पंचगंगेच्या घाटावर विचारून येतो.

शेवटी सुनावणी लागली.
बाबासो नाईकवडे, वय ब्याऐंशी, समक्ष हजर राहणे.
लिफ्ट बंद. पायऱ्या अठ्ठावीस.
शमशाद बागवानच्या पोरानं वॉकर उचलला,
मी बाबासोंना.
हे काय आणलंय, साहेबांनी विचारलं.
नग क्रमांक तीन, साहेब. ताळेबंदात आहे, पान दोन.
पुस्तकी किंमत एक रुपया.
साहेब हसले नाहीत.
त्या झिजल्या रबराकडं मात्र बघत राहिले.

मग मला राहवलं नाही.
हिशेब नको असं नाही, साहेब. हिशेब पाहिजेच.
लोकांचा पैसा आहे,
चहाचे दहा रुपयेसुद्धा मी लिहितो.
देवाच्या जमिनी गिळणारे याच जिन्यानं वर येतात,
तेही ठाऊक आहे.
पण हत्तीची झूल शेळीवर टाकली
तर शेळी दिसत नाही,
चालायचं तर लांबच.
एक पान द्या आम्हाला. एकच.
काय आलं, काय गेलं, माणसं कोण राहिली.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.
कारकून म्हणाला, पुढची तारीख सतरा.
महिना कुठला, ते बाहेर फळ्यावर लागेल.

रात्री साडेदहाला दार वाजलं.
ब्रह्मपुरीतला पोरगा, धापा टाकत.
आईचं खुब्याचं हाड, आजच सोडलंय दवाखान्यातून,
उठून मोरीपर्यंत तरी...
तीन वॉकर बाहेर गेलेले.
चौथ्यावर बाबासो हनुवटी टेकून बसले होते,
दिवसभराच्या पायऱ्या गुडघ्यांत घेऊन.
त्यांनी तो पुढं सरकवला.
मी? मी भिंतीला धरून जातोय की. घर काय लांब आहे.

पोरानं विचारलं, कागद काय काय लागतील?
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
बाबासोंनी वही ओढली,
स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खोडलं,
आणि पेन्सिल त्याच्याकडं दिली.