चुना

टेंभरीत एकशे सात टिनाची घरं.
माझ्याकडे यादी, टेप, आणि बंदुकीसारखं तापमापक.
पोट्टे ते पाहूनच हात वर करतात.

पंचफुला कुमरेंच्या घरी
दुपारी अडीचला छताच्या पोटावर नेम धरला:
बावन्न.
खाली कूलर घरघरत होता, वाळा जळून काळा,
टाकी कोरडी, मोटर चालू,
नुसती गरम हवा इकडची तिकडे.
बिल खिळ्याला टोचलेलं. नऊशे चाळीस.

योजना सोपी आहे, मी सांगितलं.
छताला पांढरा लेप, ऐंशी टक्के सरकारचे,
वीस तुमचे, नाहीतर तुमची मजुरी.
"म्हंजे सरकार आमाले चुना लावणार,"
पंचफुलाबाई म्हणाल्या,
"पहिल्यांदाच सांगून लावून रायलं."

पहाटे साडेपाचला सुरुवात.
आठनंतर टिन पाय ठेवू देत नाही.
बचत गटाच्या चौघी, खोचलेले पदर,
बांबूला बांधलेलं पोतं,
गंजात कालवलेला चुना आणि डिंक.
आतून सासरा ओरडला, "वर कोन हाय? वांदरं काय?"
चौघी हसल्या तशी शिडी हलली.

पहिला हप्ता चुन्यातच गेला.
दुसरा अजून 'प्रक्रियेत' आहे.
कुठल्याशा कागदावर कुमरेचं कुमारे झालंय.

अर्जातला शेवटचा रकाना: वाचलेला कार्बन, किलोत.
आकडा मोबाइलच काढतो. वर्षाला दोनशे बारा.
"वाचलं तं ठेवता कुठी?" त्यांनी विचारलं.
"एवढं दोन क्विंटल."
तालुक्याच्या दीड दिवसाच्या प्रशिक्षणात
हा प्रश्न आला नव्हता.

वीस दिवसांनी 'नंतर'चा फोटो घ्यायला गेले
तर छत राखाडी.
पूर्वेला वीज केंद्राची धुराडी, वारा तिकडचाच.
आमच्या डोक्यावरून तारा जातात, त्या कुठे थांबतात
टेंभरीत कोणाला ठाऊक नाही.
पंचफुलाबाई शिडीवर चढल्या, बोट फिरवलं,
बोट माझ्यापुढे धरलं.
"हेच ना ते?"
नाही, म्हटलं. ही राख. ते दिसत नाही.
"बरं हाय," त्या म्हणाल्या,
"न दिसे ते तुम्ही मोजा. दिसते ते आमी झाडतो."
आणि खराटा मागितला.

झाडलेल्या छताचा फोटो निघाला, अक्षांश-रेखांशासह.
मग आत गेले, नेम धरला: त्रेचाळीस.
कूलर बंद होता.
सुनेचं चार महिन्यांचं लेकरू दोरीच्या पाळण्यात
भर दुपारी झोपलेलं, मूठ अर्धी उघडी.
बंदूक मी पदराखाली घेतली.

शेऱ्यात ते लिहायला गेले.
लाल पट्टी आली: कृपया फक्त अंक भरा.
मी शून्य भरलं.
मग ते खोडून एक केलं.