डावा कौल

मी मागायला येत नाही, हे आधीच सांगतो.
चहा येईपर्यंत मासळीचंच बोलतो,
यंदा बांगडा कुठे गेला, डिझेल किती चढलं.
एकतीस वर्षं पोस्टात काढली, दारात थांबायची सवय आहे.
तारा वाटल्या, मनिऑर्डरी वाटल्या;
कोण कागद न उघडताच रडणार
ते पायरीवरूनच कळायचं.

दिगंबर आत, खाटेवर.
मंगळवारी आणि शुक्रवारी ओरोसला जातो,
चार तास सुईला बांधलेला असतो.
अर्धी हयात पाण्यावर गेली त्याची,
आता बायको त्याला फुलपात्राने पाणी मोजून देते.
दिवसाला सात.
सोलकढी बंद. अंगणात अकरा माड,
आणि शहाळंही बंद.

तो कुणाला विचारणार नाही.
होडी मागेल, इंजिन मागेल,
मुलीच्या लग्नाला पन्नास हजार मागेल
आणि दर्यावर फेडीन म्हणेल.
पण हे?
कुठल्या गाऱ्हाण्यात घालायचं हे?
‘बा देवा म्हाराजा, माझ्या भावाच्या पोटातलं अर्धं…’
आणि मागून होय म्हाराजा म्हणणार कोण?

म्हणून मी शर्ट वर करतो.
सतरा वर्षांचा वण, बरगडीखालून तिरका.
बहिणीला दिली, कमलिनीला.
अकरा वर्षं चालली.
त्यातली नऊ ती माझ्याशी जागेवरून भांडली,
माझ्याच किडनीच्या जिवावर.
हेही सांगतो. लपवत नाही.
परत द्यावी लागली असती तर दिली असती काय?
हे मला कुणी विचारत नाही.

दिगंबरच्या बायकोने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही,
‘माझी घेवा.’
रक्तगट जुळत नाही. तिला सांगितलं,
कोल्हापुरात असंच अडलेलं दुसरं जोडपं सापडलं
तर अदलाबदल होते, नाव घालून ठेवू.
ती मान हलवत राहिली,
जणू दुसऱ्या कुणाच्या घरातल्या वस्तूबद्दल बोलत होतो.
आई म्हणाली, ‘माझी चलतली?’
बहात्तर वय, साखर.
तिने पदर तोंडाला लावला, नापास झाल्यासारखी.
थोरला भाऊ विरारहून फोनच्या स्पीकरवर,
‘बघूया’ म्हणाला. मग रेंज गेली.
कधी कधी रेंजही माणसाची लाज राखते.

धाकटा जयवंत खुंटीजवळ उभा.
एक शब्द नाही.
त्याच्या बायकोने मुलगा मांडीवर घेतला होता,
तो पाच वर्षांचा, मांडीवर मावत नव्हता,
तरी घेतला होता.

मी उठलो. गडग्यापर्यंत आलो.
मागून मोबाइलचा उजेड हलत आला.
‘दुखता?’
थंडीत, कधी तरी.
‘परत रापण ओढूक जमतला?’
तीन महिने नाही. नंतर ओढ.
‘आणि नको म्हटलंय तर?’

हे विचारतात तेव्हा मी जवळ सरकतो.
सांगतो, डॉक्टर तुला एकट्याला आत घेतील,
दार लावतील, पुन्हा पुन्हा विचारतील.
तिथे नाही म्हण.
ते बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगतील,
हा दाता म्हणून बसत नाही.
आईला कळणार नाही. दिगंबरला कळणार नाही.
‘तुमका कळतला.’
मी पोस्टमन आहे, म्हटलं.
पाकिटं फोडून वाचली नाहीत कधी.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, देवळात कौल लावून आलंय.
काय झालं?
‘उजवो दिल्यान.’
आणि थोड्या वेळाने,
‘डाक्टर खयची काढतत?’
बहुतेक वेळा डावी.
तेव्हा तो हसला,
त्या संध्याकाळी त्या घरातलं पहिलंच हसू,
आणि हसता हसता न विचारता
माझा शर्ट वर करून
वणावर अंगठा फिरवला,
जाळ्याची गाठ धरते की सुटते
ते बघतात तसा.

शुक्रवारी पहाटे
मला स्टँडवर काहीच काम नव्हतं.
ओरोसच्या गाडीत दिगंबरच्या शेजारी
कोण बसतं ते बघायला
जरा लवकरच गेलो.