वायसर

देऱ्याच्या खाडीवर, धक्क्याला लागून
आमचं गोदाम. मी तिथला स्टोअरकीपर,
मूळचा जतकडचा. एकवीस वर्षं माल मोजतोय.
तंबू, ताडपत्र्या, चादरी, हापसे,
कुठल्याशा दुष्काळाकडे निघालेलं सगळं
माझ्या सहीनं गलबतावर चढतं.

होदन पहिल्यांदा फोनवर आली ती भांडतच.
बर्बेऱ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला तिचं गाव.
अरबी तिची मोडकी, माझी त्याहून.
"हापसे पाठवू नका. तीन आहेत.
तिन्ही उभे आहेत. पाणी एकालाही नाही."
मग हवंय काय?
तिनं फोटो पाठवला. तळहातावर
चामड्याचं एक वायसर,
उंदरानं भाकरीची कड खावी तसं झिजलेलं.

आमच्या शाळेमागं होता एक.
बाहत्तरनंतर कुणीतरी दिलेला,
देणाऱ्याचं नाव लोखंडात ओतीव, ठसठशीत.
उद्घाटनाला पेढे मिळाल्याचं आठवतं.
दोन उन्हाळ्यांत त्याचा घसा बसला
आणि आई पुन्हा घागर घेऊन ओढ्याकडं.
नाव अजून वाचता येतं.

ऑफिसात सांगितलं तर साहेब हसले,
वायसरच्या डबीशेजारी उभं राहून
फोटो कोण काढून घेईल?
रीम बाई तेव्हा नव्या होत्या, अम्मानच्या.
म्हणाल्या, गाव तिचं, तहान तिची,
यादी आपण का करतोय?

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी एक डबी.
मांडवीचा नाखवा अधरेमान
ती तांदळाच्या पोत्यांत टाकायचा नाही,
उशाशी ठेवायचा, औषधासारखी.

चौथ्या वर्षी होदन म्हणाली, वायसर पुरे.
साचा दे. उंटाचं कातडं इथं ढिगानं पडतंय.
शारजाच्या लेथवर साचा करून घेतला.
तरी कातडं चिरायचं. मी गावच्या व्हटकरमामांना जोडून दिलं.
हे मराठीत ओरडतायत, ती सोमालीत,
दोघंही कॅमेऱ्यापुढं कातडं धरून.
तेलात किती रात्री, हे बोटांवर ठरलं.
मला कुणी काही विचारलं नाही.

मग मागणी थांबली.
सहा महिने त्या ओळीत नुसतं शून्य.
ऑडिटवाल्यानं लाल पेन काढलं, "संबंध संपला?"
रीम बाई म्हणाल्या, मागणी संपलीय. फोन लाव.

लावला. मागून आवाज येत होता,
खर्रक्‌ धप्‌, खर्रक्‌ धप्‌,
आणि बायकांची रांगेतली भांडणं.
दोन पोरी शिकवून तयार केल्यात म्हणाली,
शेजारच्या चार गावांना त्याच जातात.
पुढच्या खेपेला पाने लागतील, मोठे.
घाई नाही.

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं,
"तुझ्या शाळेमागचा तो, त्याचं माप काय?"
मी कधी सांगितलं होतं तिला?
"माप पाठव. अधरेमान परत येतोच आहे
बकऱ्या घेऊन. त्याच्याजवळ देते."

आवक-रजिस्टरात तिकडून येणाऱ्या मालाला
रकानाच नाही. पट्टीनं एक आखला.

मग पुतण्याला फोन केला.
तो म्हणाला, तो खांब होय काका?
त्याला शेळ्या बांधतोय आम्ही.
म्हटलं, सोड शेळ्या.
टेप घेऊन जा.