शंभरातून सात

जुबैल. पहाटेचे साडेचार.
परांचीवर चढण्याआधी सेफ्टीचा रोमेल
एकेकाला एका पायावर उभं करतो:
डोळे मीट, शंभरातून सात सात वजा करत ये.

मुबीन दबीर उभा राहतो खाजणातल्या बगळ्यासारखा,
भराभर तळापर्यंत उतरतो.
माझं त्र्याण्णव होतं, शहाऐंशी होतं,
मग एकोणऐंशी. ऐंशीला एक कमी, हे जुळेपर्यंत
घोटा थरथरतो, वाळू एका बाजूला कलते,
बूट टेकतो.

‘रात्री मोबाईल?’ रोमेल लिहून घेतो.
नाही रे. दहालाच दिवा घालवला होता,
मुबीनचं घोरणं ऐकत पडलो होतो.
झोप माझ्याकडे दोनला येते,
आईच्या पोटातूनच ती वेळ घेऊन आलोय.

जूनपासून सूर्यच पाळी लावतो इथे.
त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार.

रात्री अकरा. कॅम्पच्या मोरीत कपडे पिळताना
सहज एक पाय उचलला, डोळे मिटले.
एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट…
सोळा. नऊ. दोन.
फरशी जागची हलली नाही.

सांगावंसं वाटलं कुणाला तरी.
मुबीन कधीचा झोपला होता.
तसाच उभा राहिलो थोडा वेळ,
अर्धवट पिळलेला शर्ट ठिबकत होता
उचललेल्या पायावर.