एरंडेलाचे गहू

भाचीनं नागपुरातून फोन केला,
"मामा, तुमाले कोन्ता सेंट आनू?
गुलाबाचा, चंदनाचा, का तो निळ्या बाटलीतला?"
चक्की चालू होती. मी ओरडलो, "आं?"
तीही ओरडली, "वास! वास कोन्ता आवडते?"
रांगेतल्या तीन बाया हसल्या
आणि माझ्याकडं वळून उत्तराची वाट पाहू लागल्या.

पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
भाजी कोणती, विचारलं होतं. बिडी कोणती, पक्ष कोणता.
मी म्हटलं, "लाइन गेली का सांगतो."

लाइन दोन वाजता गेली, रोजच्यासारखी.
पट्टा फडफडून थांबला.
बाया तिथंच ओट्यावर बसल्या, आपापलं सांगू लागल्या.
एक म्हणाली, राकेल.
कंदील भरताना हुंगत बसायची मी, सासू रागवे.
एक म्हणाली, नव्या वहीचा, पण लिहायच्या आधी.
तिसरी पदर सावरून नुसतीच हसली
आणि सांगितलं नाही.

माझं म्हणाल तर ज्वारी.
दगडातून उतरते तेव्हाचा कोमट, दुधाच्या जवळपासचा वास,
हात घातला की मनगटापर्यंत चढतो.
गहू तेवढा नाही. गहू सभ्य आहे.
हरभऱ्याची डाळ फार बोलते,
तिच्यामागचं घर दोन दिवस पिवळ्या पोळ्या खातं
आणि मला शिव्या देतं.
तिखट मी दळत नाही, ते अन्वर दळतो,
त्याला आवडता वास विचारणं म्हणजे चेष्टाच.

पण डबे मला नाकानंच ओळखू येतात.
पेंदोरबाईची चुंगडी पोळ्यापर्यंत मोहाची असते,
चैतात तिच्यात फुलं भरलेली,
गहू बिचारे झिंगून येतात.
मास्तरांकडं बोरिक पावडर, म्हणजे कशाचाच वास नाही,
दवाखान्याच्या भिंतीसारखा.
थेऱ्यांकडं राख. मुरख्यांकडं निंबाचा पाला.
युरियाच्या पोत्यातलं मी परत पाठवतो, कुणाचंही असो.

आणि धोट्यांकडचे गहू एरंडेल चोळलेले.
मला एरंडेल आवडत नाही.
लहानपणी नाक दाबून पाजलेलं आहे,
ते नाक अजून माझंच आहे.
पण ते गहू घरंगळताना चमकायचे,
डब्याच्या कडीलाही तेल असायचं, विमलच्या बोटांचं.
बावीस वर्षं तिनं डबा काट्यावर ठेवला, मी वजन सांगितलं.
"साडेसात."
"बरं."
एवढंच आमचं बोलणं.
त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं,
सांगण्यासारखंही नव्हतं.

मागच्या शुक्रवारी तिचा पोरगा आला.
झाकण उघडलं तर बाजारातल्या गोळ्यांचा वास,
ट्रंकेतल्या साड्यांसारखा.
"माय कुठं गेली रे?"
"पुन्याले. ताईचं बाळंतपन. मंग तिकडंच राहीन म्हनते."
मी वजन केलं. साडेसात.
पोरगा मोबाइल पाहत होता,
म्हणून "बरं" मीच म्हटलं.

त्या रात्री चक्की झाडताना
दगडाची कड चोळून बोट हुंगलं.
ज्वारी, थोडं बेसन, पट्ट्याचं जळकं रबर.
बावीस वर्षांचं तेल
कुठंतरी असायला पाहिजे होतं.

चारला लाइन आली, त्यामागोमाग फोन.
"ठरलं का, मामा?"
जिभेवर भलतंच आलं होतं.
म्हटलं, "चंदनाचा आन. लहान बाटली."
"आवडते ना पन?"
"मले काय माहीत, बाप्पा. लावून पाहतो."

पट्टा चढवला. पुढचा डबा उचलला
आणि झाकण काढायच्या आधी,
बाया पाहत असताना,
सवयीनं कडी हुंगली.